अण्णांनी नातीला घेतलं नाही

बारशाची पानं वाढायला घेतली होती, पण शेखरच्या बायकोचे, पूर्णिमेचे, वडील भुवनलाल साहू न जेवताच निघाले. शेखर लिफ्टपर्यंत त्यांच्या मागे गेला, हात जोडून थांबा म्हणाला. सासरे रागावून काही बोलले असते तर शेखरला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त जावयाच्या खांद्यावर हात ठेवला, बायकोला पुढे केलं आणि रायपूरलगतच्या बीरगांवची वाट धरली.

झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं. आत्या म्हणून पद्मिनीने बाळाच्या कानात नाव सांगितलं, श्रावणी. पाळणा म्हणून झाला. मग भुवनलालांनी स्वतः नातीला पाळण्यातून उचललं आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने आधी मांडीवर घ्यावं म्हणून खुर्चीत बसलेल्या शेखरच्या वडिलांपुढे, अण्णांपुढे धरलं. अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे ओढून घेतले. इतके झटकन, की भुवनलालांना पोरगी सावरून छातीशी धरावी लागली. अण्णा उठले, बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लागली. नंतर बराच वेळ नळाचं पाणी वाहत राहिलं. बीरगांवहून आलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. उर्ल्याच्या कारखान्यात उभी हयात गेलेल्या माणसाची नात म्हणून या रेल्वेवाल्या मराठी म्हाताऱ्याने तिला शिवलंही नाही, यापलीकडे त्याचा कोणी काय अर्थ काढणार?

पाहुणे गेल्यावर शेखर भडकला. लग्नाच्या वेळी अण्णांनी एका शब्दाने विरोध केला नव्हता. 'तुले पसंत आहे ना, मग झालं,' एवढंच म्हणाले होते. पण पोटात वेगळंच होतं, असं शेखर आता बहिणीला सांगत होता. तो नोकरीला असलेलं मंत्रालय नव्या रायपुरात आलं तेव्हा जुन्या शहरातल्या तात्यापाऱ्यातलं भाड्याचं घर सोडून त्याने हा सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, एकटे पडू नयेत म्हणून वडिलांना सोबत आणलं, आणि त्यांनी त्याच्या सासऱ्याला घरी बोलावून अपमान केला.

पद्मिनीला हे पटेना. आई गेल्यापासून अण्णांचं बिनसलं होतं हे ती नागपुराहून येई तेव्हा तेव्हा बघत होती. गॅसचं बटण पुन्हा पुन्हा चाचपायचं, दाराला कुलूप लावून परत येऊन ओढून बघायचं. तिच्या सासूचंही असंच सुरू झालं होतं आणि पुढे ती घरच्यांनाच ओळखेनाशी झाली. अण्णांना विसर पडून राहिला आहे, समोर कोण आहे हे त्या क्षणी कळलंच नसेल, असं तिचं म्हणणं.

"त्यांना सगळं कळते ताई," शेखर म्हणाला. "आपल्याले तरी कधी घेतलं त्यांनी? तुले आठवते का एकदाही?"

पद्मिनीला आठवलं नाही. आईच्या कडेवरचं आठवत होतं, शेजारच्या काकूंच्याही. अण्णांची कंबर दुखते, त्यांच्या अंगावर चढू नका, असं आई सांगायची.

पूर्णिमा आतल्या खोलीत बॅग भरत होती. पद्मिनी तिच्याजवळ जाऊन बसली. पूर्णिमेला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र ती हिंदीतच द्यायची. जातीचं म्हणावं तर तेही तिला जुळत नव्हतं. बाबूजी, म्हणजे अण्णा, तिच्या हातचं खातात, तांदळाच्या पिठाचा फरा केला की मागून घेतात, ती बाळंतपणाला गेली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर दिवसभर बसून होते. मग पोरीनेच काय केलं? पोरगी बाहेरच्या खोलीत आणली की ते उठून जातात. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या सापडेनात म्हणून तिने शोधल्या, तर जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवलेल्या. बाल्कनीचं दार त्यांनी सुतळीने बांधून टाकलं आहे.

आणि एक गोष्ट तिने शेखरलाही सांगितली नव्हती. एकदा ती आंघोळ करून आली तेव्हा अण्णा खोलीच्या दारात उभे होते. आत यायला तयार नाहीत, हात पाठीमागे घट्ट धरलेले, झोपलेल्या श्रावणीकडे बघत रडत होते.

"नफ़रत करने वाला ऐसे नहीं रोता, दीदी," पूर्णिमा म्हणाली. "पर मैं यहाँ कैसे रहूँ? पापा को क्या मुँह दिखाऊँ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलीला घेऊन बीरगांवला गेली. कधी येणार, ते शेखरने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. अण्णा त्या वेळी खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. दार लागलं तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला आणि मोठा श्वास सोडला. शेखरने तो ऐकला आणि त्याचं डोकं पुन्हा फिरलं.

पद्मिनीने नागपूरला जाणं पुढे ढकललं आणि रायपुरातच म्हाताऱ्या माणसांच्या मनाचे आजार बघणाऱ्या डॉक्टर विनोदिनी काळे यांच्याकडे नाव लावलं. अण्णा वाद घालतील म्हणून तिने बोलायची तयारी करून ठेवली होती. ते लगेच चपला घालायला उठले. जणू कोणीतरी केव्हातरी न्यायला येणार हे त्यांना ठाऊकच होतं.

डॉक्टरांनी आधी भावंडांशी बोलून घेतलं. पद्मिनीने विसरण्याचं सांगितलं, शेखरने हट्टीपणाचं. डॉक्टर दोघांचंही ऐकून घेत होत्या आणि मध्ये मध्ये साधेच प्रश्न विचारत होत्या. बँकेची कामं कोण करतं? अण्णाच. रस्ता चुकले का कधी? नाही. पडले होते का, हात थरथरतात का, नवीन औषध काही सुरू झालं का? तेही नाही. मग त्यांनी पद्मिनीला विचारलं की गॅस बंद केलेला ते विसरतात, की बंद केलेला आठवत असूनही त्यांना खात्री वाटत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या असतील असं तिच्या मनातच आलं नव्हतं. म्हातारपणी माणूस पुन्हा पुन्हा एकच गोष्ट करायला लागला की घरचे त्याला वय म्हणतात, नाहीतर स्वभाव म्हणतात, डॉक्टर म्हणाल्या, आणि या दोन शब्दांखाली पुष्कळ काही झाकलं जातं. मग त्यांनी दोघांना बाहेर बसायला सांगितलं.

आतल्या खोलीत अण्णांनी कागदावर घड्याळ काढून दाखवलं, काटे बरोबर लावले. मघाशी सांगितलेले शब्द विचारल्यावर सगळे सांगितले. शंभरातून सात वजा करत जाताना ते शाळेतल्या मुलासारखे भराभर उत्तरं देत होते, आणि डॉक्टर खूश झाल्याचं बघून त्यांना वाटलं की झालं, आता सोडतील.

डॉक्टरांनी त्यांचे हात बघितले. पाण्याने कातडी फाटून लाल झाली होती. घाण लागल्यासारखं वाटतं का, सोवळंओवळं पाळता का, असं त्यांनी विचारलं.

"नाही हो. पाण्याखाली असले की हात कामात राहतात," अण्णा म्हणाले, आणि आपण नको ते बोलून गेलो असं वाटून थांबले.

डॉक्टरांनी तो शब्द पकडला नाही. त्या रेल्वेतल्या नोकरीबद्दल विचारत राहिल्या. अण्णा सिग्नल खात्यात होते. तिथे एकदा बघितलेलं परत बघणारा माणूस चांगला समजत. साहेब लोक इतरांना शालिग्रामचं, म्हणजे अण्णांचं, उदाहरण द्यायचे. घरी येऊन ते तसंच कुलपं बघायचे, तर बायको हसायची. गोदावरी होती तोवर ती म्हणायची, 'मी पाहिलं, बंद आहे,' आणि मग त्यांना झोप लागायची. ती गेल्यावर म्हणणारं कोणी राहिलं नाही.

मग डॉक्टर साध्या आवाजात म्हणाल्या की काही जणांच्या मनात असे विचार येतात जे त्यांना नको असतात. देवासमोर शिवी सुचते. गाडीखाली कोणी आलं का ते बघायला माणूस मागे वळून जातो. कोणाला आपल्याच माणसाला आपण इजा करू असं वाटतं. तुम्हाला येतं का असं काही?

हे कोणी विचारेल असं अण्णांना कधी वाटलं नव्हतं. आयुष्यभर ज्याला नाव नव्हतं ते या बाईने कांदेबटाटे म्हणावं तसं म्हटलं होतं.

"पोरगी जवळ आली की वाटते, मी तिले बाल्कनीतून खाली फेकून देईन," ते म्हणाले. "दिसतेच मले. माझेच हात दिसतात."

डॉक्टर दचकल्या नाहीत, खुर्चीही मागे सरकली नाही. त्यांनी विचारलं की तो विचार आला की कसं वाटतं. राग असतो का पोरीवर, कोणी कानात सांगतं का, करावंसं वाटतं का?

"कोणी सांगत नाही. माझंच डोकं आहे ते." अण्णांनी हात मांडीखाली दाबले. "तिच्यासाठी जीव तुटते हो माझा. मी नसलो तर पोरगी सुखी राहील, असं वाटते."

तेव्हा डॉक्टर पुढे वाकल्या आणि जीव द्यायचं मनात येतं का, तसं काही ठरवलं आहे का, हे त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं. अण्णांनी नकारार्थी मान हलवली. मरण यावं असं वाटतं, पण करायचं म्हणून काही नाही, आणि शेखरवर तो डाग ठेवायचा नाही. डॉक्टर म्हणाल्या की तसं मनात आलं तर त्याच वेळी घरच्यांना आणि मला सांगायचं. अण्णांनी कबूल केलं.

सुरुवात कधीची, असं विचारल्यावर त्यांना आठवायलाही लागलं नाही. पद्मिनी तान्ही होती. रेल्वे क्वार्टरमागे विहीर होती. तिला घेऊन ते काठाशी उभे होते आणि एकदम डोक्यात आलं, टाक. ते तिला घेऊन धावत घरात आले, गोदावरीच्या पदरात घातली आणि तिला सगळं सांगितलं. ती घाबरली. पण तिने माहेरी कळवलं नाही, सासरी सांगितलं नाही. लोकांना कंबरदुखीचं सांगितलं. शेखरच्या वेळीही तेच. दोन्ही मुलं मोठी झाली आणि तो विचार कमी होत गेला. आता सहाव्या मजल्यावर, नातीबरोबर, तो परत आला होता.

"तुम्ही मले वेड्याच्या दवाखान्यात पाठवता का पोलिसात देता?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही नाही. हा मनाचा जुना आजार आहे, पुष्कळांना असतो, आणि लाजेने माणसं तो म्हातारपणापर्यंत लपवतात. विचार मनाविरुद्ध येतो, माणूस तसं करत नाही, उलट त्याच्यापासून पळत सुटतो. तुम्ही पळत आलात, म्हणूनच तो मोठा होत गेला. या वयात वाढला आहे म्हणून रक्त तपासू, मेंदूचा फोटो काढू, दुसरं काही नाही याची खात्री करून घेऊ. मग औषध आणि बसून बोलायचे उपचार. वेळ लागेल. घरच्यांना मी तुमच्या परवानगीशिवाय सांगणार नाही, पण त्यांना कळलं तर तुमचं ओझं हलकं होईल.

नव्या रायपूरच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर अण्णांनी शेखरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मग समोरच्या काचेकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. विहिरीचंही.

मागच्या सीटवर पद्मिनी दाराकडे सरकली. ते तिचं तिलाच कळलं आणि तिला लाज वाटली, पण ती परत मध्ये सरकली नाही. विहिरीच्या काठावरची ती पोर म्हणजे आपण, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. घरी पोचल्यावर तिने शेखरला स्वयंपाकघरात गाठलं. अण्णांना मी नागपूरला नेते, तिथे लहान मूल नाही. पूर्णिमेला यातलं काही सांगू नकोस. कोणती आई असं ऐकून परत येईल?

कालपर्यंत वडिलांची बाजू घेणारी ती होती आणि त्यांच्यावर भडकलेला शेखर होता. आता शेखर ओट्याला टेकून उभा होता आणि अण्णांना कुठेच पाठवायचं नाही म्हणत होता. लहानपणी शाळेतून आल्यावर इतर पोट्ट्यांचे बाप त्यांना सायकलच्या दांड्यावर बसवायचे, आणि अण्णा त्याला सायकल हातात धरून शेजारून चालत आणायचे. तो माणूस आपल्याला टाळतो असं त्याला तेव्हापासून वाटत आलं होतं.

"माणूस आपल्याले भिऊन नाही, आपल्यासाठी भिऊन राहिला होता, ताई," तो म्हणाला. "आणि आपण त्याले दगड म्हणत होतो."

पद्मिनीला अण्णांची कीव येत होती आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्ही खरं होतं. दारात अण्णा येऊन उभे राहिले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पूर्णिमेले मी सांगन," ते म्हणाले. "भुवनलालजींच्या समोर सांगन. अपमान त्यांचा झाला."

बीरगांवला भुवनलालांनी व्याह्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः उभेच राहिले. पूर्णिमा दाराच्या आत श्रावणीला मांडीवर घेऊन बसली होती. अण्णांनी अडखळत हिंदीत सुरुवात केली, मध्येच मराठीत गेले, पुन्हा हिंदीत आले. फेकून देण्याचा शब्द त्यांनी टाळला नाही. तो ऐकताच पूर्णिमेने मुलीला छातीशी इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. अण्णांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली, पण बोलणं थांबवलं नाही.

मुलगी शांत झाल्यावर पूर्णिमेने एकच विचारलं. "जब वो ख़याल आता है, तब आप क्या करते हैं बाबूजी?"

"दूर चला जाता हूँ, बेटी. कडी लगा लेता हूँ. हाथ पानी में रखता हूँ."

सुऱ्या, सुतळी, बाथरूमची कडी, दारातलं ते रडणं, सगळं पूर्णिमेला एकदम उलगडलं. घरभर त्यांनी आपल्यालाच कोंडून ठेवलं होतं. तरीही मुलगी तिने त्यांच्याजवळ नेली नाही. आपण डॉक्टरांना स्वतः भेटू, आपल्या तोंडाने विचारू आणि मग ठरवू, असं तिने सांगितलं. अण्णा म्हणाले की असंच कर, मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नको.

भुवनलाल इतका वेळ भिंतीला टेकून होते. जातीमुळे झालं म्हणून त्यांनी साऱ्या पाऱ्यात, शेजारीपाजारी, सांगून टाकलं होतं, ही त्यांची अडचण होती. आता लोकांना काय सांगायचं? कंबरेचं दुखणं म्हणून सांगू का, असं त्यांनी चाचरत विचारलं. अण्णांना हसू आलं. गोदावरीनंतर दुसरं माणूस त्यांच्यासाठी तेच खोटं बोलायला निघालं होतं. नको, ते म्हणाले, बीमारी आहे म्हणून सांगा, इलाज चालू आहे. भुवनलालांनी थोडा विचार केला, "हव," म्हणून मान डोलावली, आणि आतून जेवणाची ताटं मागवली. त्या दिवशी ते अण्णांच्या शेजारी बसून जेवले.

पद्मिनी नागपूरला जायला निघाली तेव्हा स्टेशनवर वाकून पाया पडली. अण्णांनी नेहमीप्रमाणे हात तिच्या डोक्याच्या वर, अंतर राखून धरला. ती सरळ झाली नाही. तिने तो हात धरला, आपल्या केसांवर टेकवला आणि गाडीची शिटी होईपर्यंत तसाच राहू दिला.

पूर्णिमा डॉक्टरांना भेटली. उलटसुलट प्रश्न विचारले, एका भेटीत समाधान झालं नाही म्हणून पुन्हा गेली. अण्णांच्या तपासण्या झाल्या, मेंदूत वेगळं काही निघालं नाही, औषध सुरू झालं. सुरुवातीला त्यांना मळमळायचं, झोप उडायची, आणि काही उपयोग नाही म्हणून ते गोळी बंद करायला निघाले होते. शेखरने ऐकलं नाही. थंडी सुरू झाली तेव्हा पूर्णिमा परत आली.

डॉक्टरांनी सगळं पायरीपायरीने लावून दिलं होतं. आधी श्रावणी ज्या खोलीत आहे तिथे उठून न जाता बसायचं. विचार आला तर येऊ द्यायचा, त्याच्याशी भांडायचं नाही, नळाकडे धावायचं नाही. मग शेजारी बसायचं, मग तिचा पाय धरायचा, शेवटी घरात कोणी नसताना तिला घेऊन बसायचं. मी काही केलं नाही ना, असं त्यांनी विचारलं तर घरच्यांनी समजूत घालत बसायचं नाही, त्याने शंका उलट वाढते. शेखरला हे सगळ्यात जड जाई. बाप घामाने भिजून विचारतो आहे आणि आपण फक्त शेजारी बसून राहायचं. काही दिवस चांगले जात, एखाद्या दिवशी अण्णा पुन्हा बाथरूममध्ये सापडत. एकदा आठवडाभर त्यांनी डॉक्टरांकडे जायलाच नकार दिला. पूर्णिमेचाही धीर मधूनमधून सुटायचा. ती स्वयंपाकघरात असायची आणि कान बाहेरच्या खोलीत असायचे.

श्रावणी रांगायला लागल्यावर गोष्ट तिनेच आपल्या हातात घेतली. अण्णांचा पाय दिसला की ती तिकडे सुटायची, धोतर धरून उभी राहायची आणि वर बघून ओरडायची. पळायला जागाच राहिली नव्हती.

एका रविवारी शेखर ऑफिसच्या कामाला गेला होता. श्रावणी किरकिर करत होती, झोप आली होती तिला. पूर्णिमेने तिला अण्णांच्या खांद्यावर घातलं, त्यांचे दोन्ही हात तिच्या पाठीशी नीट ठेवले, आणि खाली भाजीवाला आला आहे, मी येते, असं म्हणून पिशवी घेतली. अण्णा काही म्हणायच्या आत दार लागलं. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. घरात दुसरं कोणी नव्हतं.

विचार आला. यायचा तसाच आला, हातांसकट. अण्णांनी डोळे मिटले नाहीत आणि उठलेही नाहीत. श्रावणीच्या तोंडातून लाळ गळून त्यांच्या सदऱ्याचा खांदा ओला झाला होता. तिचा श्वास त्यांच्या मानेला लागत होता, आधी घाईचा, मग हळू. तो विचार बराच वेळ तिथेच होता. ते त्याच्यासकट बसून राहिले.

खाली पूर्णिमेने मेथी घेतली, पैसे दिले आणि लिफ्टसमोर येऊन उभी राहिली. लिफ्ट आलेली तिने एकदा जाऊ दिली.

ती वर आली तेव्हा श्रावणी गाढ झोपली होती आणि अण्णा होते तसे, ताठ, खुर्चीत.

"घे आता हिले," ते हळूच म्हणाले. "हाताले मुंग्या आल्या माझ्या."

पूर्णिमेने दोघांकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच ती त्यांच्याशी मराठीत बोलली.

"थोडा वेळ धरा बाबूजी," ती म्हणाली. "मी भाजी निवडून येते."